तासाभराची नोकरी

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या थेरपी क्लिनिकमध्ये दर मंगळवारी एक मराठी काकू माझ्या शेजारी व्हीलचेअरवर असायच्या. माझ्यासारखंच त्यांच्याही मनगटाचं ऑपरेशन झालं होतं. वृद्धाश्रमाची व्हॅन त्यांना आणायची, सोबत तिथली मदतनीस.

व्यायामासाठी दिलेल्या हिरव्या रबरी गोळ्याची काकू पारी करायच्या आणि बघता बघता मोदकासारख्या कळ्या पाडायच्या. थेरपिस्ट टाळ्या वाजवायची. माझ्या गोळ्याचा गोळाच राहायचा.

काकूंना तहान लागली, की मात्र मदतनीस कप त्यांच्या ओठांना लावायची. आश्रमाचा नियमच तसा. उगाच काही सांडायला नको.

एकदा न राहवून मी म्हणालो, "काकू, कप तरी तुम्हीच धरा ना!"

"अरे, या हाताला इथे तासभर नोकरी आहे," त्या म्हणाल्या. "आश्रमाच्या लेखी पेन्शन."

त्या दिवशी निघताना मदतनीस त्यांच्या कोटाची बटणं लावत होती. बाजूला माझ्या जॅकेटची चेन काही केल्या लागेना.

"ये इकडे," म्हणत काकूंनी ती एका झटक्यात वर ओढली.

"नो, नो, स्वीटी!" मदतनीस दचकली. तिने तो हात प्रेमाने उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवला आणि राहिलेलं बटण लावलं.