मागच्या सीटवरचं वजन

वेगाचा काटा साठच्या वर गेला की मागच्या सीटखाली गुणगुण सुरू व्हायची. मी एकटा चालवायचो तेव्हा जवळजवळ नाही. मागे इब्राहिमभाई आणि त्यांच्या अम्मी बसल्या की हमखास.

इब्राहिमभाई रोह्याचे, नोकरी मस्कतला. वडिलांची जुनी अँबेसिडर त्यांनी पेणला माझ्या गॅरेजात आणली होती. इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेलेला, म्हणून मी दुसरं डिझेल इंजिन बसवलं. त्यांच्या सुट्टीचे चार दिवस उरले होते. अम्मींना त्याच गाडीतून एकदा रोह्याच्या पुढे माहेरी न्यायचं होतं. वय ऐंशीच्या पुढे, कमरेला पट्टा.

“या थरथरीत अम्मी बसायची नाय,” ते म्हणाले. “इंजिनच खराब हाय काय?”

“इंजिन बरं हाय. उद्या सकाळी दोघं या.”

गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांच्या अ‍ॅक्सलपर्यंत एक लांब दांडा फिरतो, तो प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वाकू शकणारे सांधे. गिअरबॉक्सचं टोक जितकं खाली झुकलेलं, तितकंच अ‍ॅक्सलचं नाक, म्हणजे दांडा जोडलेलं टोक, वर पाहिजे. दोन्ही समांतर असली की एका सांध्याचा हिसका दुसरा खाऊन टाकतो. नाहीतर गाडी गुणगुणते. इंजिन बदललं की हे कोन बदलतात. मी ते मोजले होते. दोन्हीकडे तीन अंश, वहीत लिहून ठेवलेले.

त्या रात्री पडल्या पडल्या आठवलं. मोजताना गाडी जॅकवर होती आणि मागची चाकं हवेत लोंबत होती.

सकाळी ते आल्यावर आधी तेच सांगितलं. “चूक माझी हाय.” गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली, चारही चाकं जमिनीला. दोघांना मागे बसवलं आणि मी खाली उतरलो.

मळणी झालेल्या शेतांवर अजून धुकं होतं. खड्ड्यात ऑइलचा वास आणि डोक्यावर त्या दोघांचं बोलणं, लांबून आल्यासारखं.

“उतरू का रे बाबा?” अम्मींनी विचारलं.

“नको चाची, बसून राहा. तुमचं वजन पायजे.”

“माझं वजन कोणाला पायजे, हे पयल्यांदाच ऐकते.” मग वर सीट करकरली. “तुझे अब्बा एक कोपर बाहेर काढून चालवायचे,” त्या मुलाला म्हणाल्या. “मी बघायची, रस्ता सोडून.”

इब्राहिमभाई हसले, की नाक ओढलं, खालून कळलं नाही. मी पातळ भिंग धरल्यासारखा कोनमापक धरून तसाच पडून राहिलो. घाई करावीशी वाटेना.

मागचं नाक साडेपाच अंश निघालं. भार आला की स्प्रिंगचे जुने पाटे दबत होते आणि नाक वर उचलत होते. पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना अडीच अंशांची लोखंडी पाचर घातली. दुपार झाली. दोघांना पुन्हा बसवून मोजलं. तीन आणि तीन.

ट्रायलला नागोठण्यावरून रोह्याच्या दिशेने निघालो. साठ. पासष्ट. सत्तर. मी आरशात पाहिलं. अम्मी काचेला डोकं टेकून झोपल्या होत्या.

“चालू द्या,” इब्राहिमभाई हळूच म्हणाले. “इथून सरळ माहेरीच जाऊ.”

गेलो. मला परत यायला एसटी पकडावी लागली.

तेव्हापासून नियम केला आहे. जॅकवर मोजलेली गाडी फक्त जॅकवरच नीट चालते.