बसल्या जागी नऊ हजार पावलं

खिडकीकडे एकदा नजर टाकली की पडदेताई तिचं माप सांगायच्या. मग कुणी टेप लावून बघितलंच, तर टेप धरणाऱ्याची चूक निघायची. सव्वीस वर्षं त्या घराच्या मधल्या खोलीत पडदे शिवत होत्या. भिंतीला लागून पायमशीन, शेजारी कापडाचे उभे तागे, समोर एक मोठी खिडकी, आणि तिला मात्र पडदा नाही. "फुकटचा उजेड आहे, अडवू कशाला?" म्हणायच्या. त्यांचं खरं नाव फक्त बिलावर असायचं. बाकी साऱ्या गल्लीच्या तोंडी पडदेताई.

पन्नाशी उलटल्यावर स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, किरणं, सगळं रांगेनं झालं. गेलेले केस परत आले ते कुरळे आले. यजमान म्हणाले, "ही नवीन पाहुणी कोण?" डॉक्टरांनी सुटका केली, पण तळवे काही परत आले नाहीत. औषधांनी त्यांची जाणीव बोथट करून टाकली होती. फरशीवर पाय ठेवला की मध्ये कापसाचा जाड थर असल्यासारखं वाटायचं. घरात निदान धरायला भिंत होती, टेबलाची कड होती. एकदा त्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाकडे निघाल्या. अर्ध्या वाटेत, पाऊल टेकलं की अजून हवेतच आहे, हेच कळेना. विजेच्या खांबाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून दाराबाहेर पडणं जिवावर यायला लागलं.

इस्पितळानं आजारातून उठलेल्या अकरा बायकांचा एक गट केला होता. प्रत्येकीच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. ते पावलं मोजून गटातल्या सगळ्यांना दाखवायचं, रोज वीस मिनिटं एका बाईचा संथ आवाज ऐकवायचं, आणि पावलं पडतील तसा एक केशरी ठिपका चित्रातल्या रस्त्यावरून पुढे सरकायचा. आधी शेतं, मग पूल, तळं, सुरूचं बन आणि अगदी टोकाला समुद्र. "चाललात तर थकवा हटेल, झोप लागेल," व्यायामाच्या सिस्टरनं सांगितलं. "घाई नको. पायाखाली काय लागतंय तिकडे लक्ष ठेवा, बास."

पडदेताईंनी फोन ॲप्रनच्या खिशात टाकला, कानात इअरफोनची बोंडं घातली आणि मशीनवर बसल्या. आवाज म्हणाला, "तळव्यांना काय जाणवतंय ते नुसतं पाहा. चांगलं की वाईट, ते ठरवू नका." पाय पायडलवर खालीवर, खालीवर होत होते. हळूहळू कापसाच्या थराखालून लोखंड वर आलं. आधी नुसता गारवा, मग जाळीचा एक उंचवटा, मग त्याच्या शेजारचा दुसरा. सुईखालून निळं कापड वाहत होतं, पाण्यासारखं, आणि काठाकाठानं आपण चाललोय असं त्यांना वाटलं. संध्याकाळी फोन बघितला. नऊ हजार एकशे चाळीस पावलं.

त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. पाय हलले होते, फोननं मोजले होते.

मग दिवस कसे गेले कळलं नाही. हिरव्या पडद्यांची ऑर्डर आली तेव्हा ठिपका शेतांमधून जात होता. चुण्या घालता घालता त्यांना पिकाच्या पात्यांची सळसळ ऐकू यायची. करड्या अस्तराच्या दिवसांत पुलावर धुकं होतं. तळ्याच्या काठी तर त्या चार दिवस रेंगाळल्या. शिवण कधीच संपली होती, तरी उगीच रिकामं मशीन चालवत बसल्या, कारण आवाज म्हणत होता, "आहात तिथेच असा," आणि त्या तळ्यावर होत्या.

"अहो, आज मी सुरूच्या बनात शिरले," एका संध्याकाळी त्यांनी यजमानांना सांगितलं.

यजमान निवृत्त बसड्रायव्हर. त्यांनी दाराजवळच्या चपलांकडे पाहिलं. चपलांवर धूळ बसली होती.

"कुठून शिरलीस?"

"इथूनच." त्यांनी मशीनकडे बोट केलं.

यजमान आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, "अगं, मी तीस वर्षं बसून लाखो मैल गेलो. मला कुणी म्हणालं का, काय चालतोस रे बाबा?"

पडदेताईंचं तोंड एवढंसं झालं. सिस्टरला सांगायला हवं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं. पण सांगितलं तर पावलं पुसली जाणार, ठिपका पुन्हा शेताच्या बांधावर जाणार. आणि खरा रस्ता दाराबाहेर तसाच पसरलेला. उद्या सांगू, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं फोनवरच्या गटावर लिहिलं, "पडदेताईंकडे बघा, शिका काहीतरी!" मग तर सांगणं आणखीच अवघड झालं. असे तीन आठवडे गेले.

आणि एका सकाळी गटातल्या ग्रंथपालबाईंचा बोललेला निरोप आला. केमोच्या वेळी दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी असायच्या. त्या तीन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या.

"सिस्टर, माझं नाव काढा गटातून. ताईंनी आणि मी एकाच महिन्यात सलाइन घेतलं. त्या नऊ हजार चालतात, मी नऊशेला बसकण मारते. माझं दुखणं परत आलंय, मला कळतंय. तुम्ही तोंडावर सांगत नाही, एवढंच."

पडदेताईंनी मशीन थांबवून फोन हातात घेतला. त्यांनी निरोप बोलून पुसला, पुन्हा बोलून पुसला. तिसऱ्यांदा डोळे मिटूनच बोलल्या, "बाई, तुमचं काही परत आलेलं नाही. माझी ती पावलं मशीनची आहेत. मी दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मला भीती वाटते. नऊशे तर मला स्वप्नातही जमायची नाहीत."

सिस्टरनं दुपारी फोन केला. रागावली नाही. पायडलनं पोटऱ्या तरी घट्ट झाल्या असतील, म्हणाली. पण रस्ता पहिल्यापासून. बघता बघता बन गेलं, तळं गेलं, पूल गेला. ग्रंथपालबाईंनी निरोप ऐकल्याची खूण दिसत होती. उत्तर नव्हतं. संध्याकाळपर्यंत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदेताईंनी चपला झटकल्या. नुसत्या बोलण्यानं बाईंना पटलं नसेल, तर समोर जाऊन उभं राहायला हवं होतं. यजमान दहा पावलं मागे, रस्ता चुकलेल्या गाडीसारखे हळूहळू येत होते. पहिल्या गल्लीत कापूसच कापूस. दुसरीत थोडा उतार लागला, तो गुडघ्यांना आधी कळला, तळव्यांना मागाहून. मग खडी. एकेक खडा लांबून, पाण्याच्या तळाशी असावा तसा, पण होता. पडदेताई सावकाश त्या पाण्यातून चालत गेल्या. तिसऱ्या गल्लीत त्यांना कुंपण धरावं लागलं. धरलं.

जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ग्रंथपालबाई पाण्याची बाटली घेऊन बसल्या होत्या. निघाल्या होत्या खाली उतरायला आणि तिथेच दम लागला होता.

"तीन आठवडे रडले मी तुमच्यामुळे," त्या म्हणाल्या. "मृत्युपत्राचा कागद काढला होता."

"फाडा तो."

"फाडते. पण तुम्हाला चार शिव्या द्यायच्या आहेत."

"द्या. दम खाऊन द्या."

पडदेताई भिंतीला धरून त्यांच्या शेजारी बसल्या. खालून यजमानांनी हाक मारली, "वर येऊ का?" "नको!" दोघी एकदम ओरडल्या, आणि ओरडून पुन्हा धापा टाकू लागल्या. जिन्याच्या जाळीतून ऊन येत होतं.

"वर येता? चहा टाकते," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"किती पायऱ्या?"

"सात चढू, मग थांबू."

"पाच."

"सहा. आणि शिव्या वर गेल्यावर."