ती दुसरी लोम्बे

बाजारात तिला कुणी एक्झिल्डा म्हणत नाही. खाणीच्या गावातल्या आमच्या मिकोम्फ्वा वस्तीत पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं. लोम्बे झाल्यापासून ती बनालोम्बे, म्हणजे लोम्बेची आई. बाजाराच्या फाटकापाशी ती गोड पिठाचे गोळे तळते, गरम, फुगलेले, आतून जाळीदार. दिवसभर हाका चालू असतात, "बनालोम्बे, चार द्या", "बनालोम्बे, दोन बांधून द्या". प्रत्येक हाकेला ती आधी आपल्या डाव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर बघते आणि मग गिऱ्हाइकाकडे. तिथे कुणी नाही, हे तिच्या मानेला दोन वर्षांत कळलेलं नाही.

हे माझ्यामुळे झालं, ते आधीच सांगून टाकते. लग्न ठरलेल्या मुलींना महिनाभर घरात बसवून संसार शिकवणारी बाई मी. चाळीस वर्षं झाली. मातीची भांडी, मातीची जनावरं पुढ्यात मांडायची आणि एकेक धडा गळी उतरवायचा. शेवटचा धडा तोंडाला फडकं बांधलेल्या मडक्याचा. घरातलं घरात ठेवायचं. नवऱ्याने मारलं, उपाशी ठेवलं, तरी बाहेर शब्द काढायचा नाही. बाकीच्या पोरी माझी पाठ वळली की खुसखुसायच्या. एक्झिल्डा त्या मडक्याकडे बघत बसायची. तेव्हा मला तिचं फार कौतुक वाटलं होतं.

नवरा फेबियन कासोंडे, खाणीत फोरमन, बोलण्यात साखर. चिडला की बायकोला घराबाहेर काढायचा, पोरीला आत ठेवायचा आणि कडी लावायचा. दोन-दोन दिवस ती शेजारी माझ्या ओट्यावर बसून असायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही आजी, पाय मोकळे करायला आले."

घटस्फोटाच्या वेळी फेबियनने कोर्टात नेमकं उलटं सांगितलं. ही पोरीला टाकून भटकते, शेजाऱ्यांनी पाहिलंय. मॅजिस्ट्रेट बाईंनी एक्झिल्डाला तीनदा विचारलं, "यावर तुम्हाला काही सांगायचंय?" तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हातारीने, अक्कल गहाण टाकल्यासारखी, मान डोलावली. शाबास, अशीच गप्प राहा. "सांगण्यासारखं काही नाही," ती म्हणाली. आमच्यात मूल आईच्या कुळाचं मानतात, पण कोर्टाच्या कागदाला कूळ नसतं. तीन वर्षांची लोम्बे बापाकडे गेली. दोन वर्षांनी पुन्हा विचार करू, असं बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून डोळे मिटले की मला माझीच डोलणारी मान दिसते.

आईच्या वाट्याला महिन्यातला शेवटचा शनिवार आला, नऊ ते चार. ती पोरीला घेऊन गावी पळेल म्हणून भेट तिच्या घरी नको, असं फेबियनचं म्हणणं. म्हणून दोघांच्या ओळखीचं घर निवडलं ते माझं.

पहिलं वर्षभर चार वाजले की पोर माझ्या दाराची चौकट धरून रडायची. पुढे रडेनाशी झाली, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली. फेबियनची नवी बायको चांगली आहे, खोटं कशाला बोलू? पोर तिला आई म्हणते. एका शनिवारी लोम्बे आत आली, परक्या बाईला मान देताना टेकतात तसे गुडघे टेकले, हळूच टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "बऱ्या आहात का, बनालोम्बे?"

मी खेकसले, "अगं ए शहाणे, आईला अशी हाक मारतात?"

"घरी सगळे असंच म्हणतात."

"राहू द्या, आजी," एक्झिल्डा म्हणाली. "खोटं कुठे बोलतेय ती?"

तिने पोरीसाठी फ्रॉक शिवून आणला होता. पिवळा, खिशावर बदक, माप मात्र तीन वर्षांच्या पोरीचं. तो लोम्बेच्या खांद्यातून खाली उतरेना. दुपारी जेवणं झाल्यावर पोर माझ्या मांडीला रेलून कुजबुजली, "आजी, बनालोम्बेची लोम्बे कुठे असते?"

"कोण लोम्बे?"

"तिची मुलगी. माझ्याच नावाची. ती कधीच खेळायला येत नाही. मेली का?"

अगं, ती तूच, असं मी सांगणार तोच दारातून एक्झिल्डा म्हणाली, "लांब गेलीय ती."

"तुम्ही तिची वाट बघता?"

"बघते ना."

"तरीच," लोम्बे म्हणाली. "फ्रॉक तिच्या मापाचा आहे."

चारला पोर गेली आणि मी तडकले. "खरं सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं आणि ती नाही म्हणाली असती तर?"

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात दोन वर्षं भरतायत, तेव्हा कोर्टात बोल. सगळं बोल."

"तुम्हीच शिकवलंत ना, आजी?"

"चुकीचं शिकवलं मी!" चाळीस वर्षांत हे माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं.

तिने फ्रॉकची घडी घातली. "मग तुम्ही बोला," ती म्हणाली. "फडकं तुम्ही बांधलंय. माझ्याने गाठ सुटत नाही."

कोर्टात मी उभी राहिले. ओट्यावरचे दिवस सांगितले, कडी सांगितली, आतून येणारं पोरीचं रडणं सांगितलं. फेबियन ओरडला, "म्हातारीचं डोकं फिरलंय!"

"तुझ्या लग्नात नाचत होते तेव्हा बरं होतं का रे?" मी म्हटलं. लोक हसले. मागच्या बाकावर माझ्या हाताखालून गेलेल्या सात-आठ बाया बसल्या होत्या. त्यांच्यातली एकही हसली नाही.

निकाल लागला. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या आईकडे आणि आईच्याच घरी. वर्षभराने ताब्याचा नव्याने विचार.

ऑगस्टच्या सुट्टीत लोम्बेला पोचवायला मीही गेले. एक्झिल्डाची एकच खोली, भिंतीशी छोटी खाट, वर धुतलेली चादर. पोर पिशवी छातीशी धरून दारातच उभी राहिली. काही केल्या आत येईना.

"काय झालं गं?" एक्झिल्डाने विचारलं.

"ही त्या लोम्बेची खाट आहे ना?"

एक्झिल्डा तिच्याजवळ दारात आली.

"ती परत आली की मी कुठे झोपू?"

एक्झिल्डा खाली बसली, पोरीच्या उंचीची झाली आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

"तू झोप," ती म्हणाली. "ती आता येत नाही."

तेव्हा कुठे पोर चपला काढून आत आली.