आबांच्या चपला

माझा देवावर विश्वास होता. देवाचा माझ्यावर असेल का, एवढीच शंका होती. कारण मी थापाड्या. उसात मांजर दिसलं तरी चहाच्या टपरीपर्यंत त्याचा बिबट्या होतो, आणि दुसऱ्या कपाला त्याच्यामागं दोन बछडे चालू लागतात.

बायको दोन वर्षांपासून लोणीला, माहेरी. आठ वर्षांची सई तिच्यापाशी. ठरलं असं की दर संकष्टीला सासरे, म्हणजे आबा, सईला ओझरला दर्शनाला आणणार, आणि बारा वाजेपर्यंत ती माझी. लागोपाठ दोन संकष्ट्या मी घालवल्या. एकदा आळेफाट्यावर टेम्पोला जास्तीचं भाडं मिळालं म्हणून. दुसऱ्यांदा कॅलेंडरात चतुर्थी बघितली, पक्ष बघितला नाही. विनायकीला दिवसभर देवळाच्या पायरीवर बसलो आणि खऱ्या संकष्टीला नाशिकच्या वाटेवर होतो. सईला मात्र सांगितलं, वाटेत बिबट्या आडवा झोपला होता, त्याची झोप मोडवेना. आबा फोनवर एवढंच म्हणाले, "पोरगी शाळा बुडवून येती. आता चुकला तर आणायचो न्हाई."

तिसऱ्या खेपेलाही लोभ सुटला नाही. एक भाडं पोचवून निघालो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ओझरच्या अलीकडं रस्ताभर मेंढरं. एरवी हजार सांगितली असती; शंभरेक होती. हॉर्न दाबून दाबून अंगठा दुखला. मेंढरांमागची मावशी काचेपाशी आली. तिला म्हणालो, आई दवाखान्यात आहे, रक्त न्यायचंय, डॉक्टर दारात ताटकळलेत. ती शांतपणे म्हणाली, "घाईतला माणूस इतकं रंगवून सांगत न्हाई, भाऊ. खरं काय ते बोल."

"लेक वाट बघतीय," मी म्हणालो. "माझ्याच चुकीनं उशीर झालाय." किती दिवसांनी इतकं सरळ बोललो असेन. तिनं शीळ घातली आणि कळप कडेला सरला.

पोचलो तेव्हा साडेबारा. सगळं संपलं, असंच मनात. तर आवारात आबा अनवाणी, तापल्या फरशीवर पाय उचलत चपला शोधतायत. नव्याकोऱ्या चपला, देवाच्या दारातून गेल्या. बाराच्या ठोक्याला निघणारा माणूस तिथंच अडकला होता. सई पायरीवर, तोंड फिरवून. "आज कोण झोपलं व्हतं वाटंत?" तिनं विचारलं.

बिबट्या ओठांवर आलाच होता. गिळला. "कोणी नाही. एक भाडं जास्त घेतलं. चुकलो."

ती पायरीवरून उठली. मग कानाशी आली. "फुलवाल्या आजीच्या पोत्यामागं हायत. मीच ठेवल्यात."

ओझरच्या गणपतीला विघ्नहर म्हणतात. त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी एक विघ्न दूर केलं आणि एक घातलंही, असं मी मानतो. पुरावा मागू नका. माझ्या शब्दाला तसाही भाव नाही. आता संकष्टीला टेम्पो घरीच उभा असतो. मी सकाळी सातलाच पायरीवर येतो, आणि ती दिसेपर्यंत जीव अजूनही थाऱ्यावर नसतो. ती आली की देवापुढं हात जोडतो, आबांच्या चपला उचलतो आणि माझ्या चपलांशेजारी नीट मांडतो. आबांना वाटतं, जावई सुधारला. सई माझ्याकडं बघून हसते, आणि मी फुलवाल्या आजीच्या पोत्याकडं बघतो.