आरती बंद पडली तेव्हा

आज दसरा. घरच्या कॉम्प्युटरला घातलेल्या झेंडूच्या हाराचा वास आला आणि माझं डोकंच तापलं. लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या दुकानात मी बिलं करायचे, तेव्हाचा दसरा आठवला.

पूजेला कॉम्प्युटरवर आरती वाजावी म्हणून मालकांनी आदल्या दिवशी इंजिनिअरकडून साउंड कार्ड बसवून घेतलं होतं. आरती सुरू होती, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून मी बिल छापायला टाकलं. प्रिंटर अडला, आरती तुटली, स्क्रीन जागच्या जागी गोठला.

मालकांच्या आईनं सगळ्यांदेखत विचारलं, "पोरी, तुला अडचण न्हाई ना?"

"आहे, मावशी."

"मंग हात कशाला लावलास? लांब बस तितं."

संध्याकाळी तोच इंजिनिअर आला, तेव्हा खरं कारण कळलं. साउंड कार्ड मेमरीतून गाणं स्वतःच उचलतं आणि उचलून झालं की प्रोसेसरला हाक मारतं. प्रिंटरही हाक मारतो. या पठ्ठ्यानं दोघांना हाकेची एकच लाइन दिली होती; कोण बोलावतंय ते प्रोसेसरला कळणार कसं? खोट त्याच्या जोडणीत होती, माझ्या अंगात नव्हे! त्यानं कार्डाची लाइन बदलली, आणि आरती वाजता वाजता बिलही छापून आलं.

"होतं असं कधीकधी," मालक त्याला हसून म्हणाले. मावशींनी त्याच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवलं. मी दाराशीच बसले होते. मला कुणी आत बोलावलं नाही.

आजचा हार माझ्या लेकीनं घातलाय. तिच्या पाळीचा आज दुसरा दिवस आहे.