एनिडबाईंचे चमचाभर मार्माइट

इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या एनिड टनिक्लिफ यांनी चाळीस वर्षे शाळेतल्या मुलांना मायेने जेवू घातले, आणि त्यांच्या प्रत्येक रश्शात चमचाभर मार्माइट असे: पावाला लावायचे काळेभोर, खारट चाटण, बर्टनमध्येच बिअर करून उरलेल्या यीस्टचे. त्यांचा भावी जावई रूपर्ट मात्र दूरच्या गावचा. पहिल्याच न्याहारीला त्याने ते जॅमसारखे पावावर जाड थापले, आणि तेव्हापासून बरणी दिसली की तो तोंड फिरवी.

रविवारी एनिडबाईंनी मटणाचा रस्सा रांधला. हात बरणीकडे गेला आणि थबकला. लपवून घालावे, तर देवाने दिलेल्या अन्नात कपट. वगळावे, तर रस्सा आपला नव्हे. त्यांनी चमचा घातला आणि वाढण्यापूर्वीच सांगितले, "बाळा, यात ते आहे हो. नको असेल तर चीज-पाव देते."

"आई, घाबरवू नकोस गं त्याला," लेक हसली.

रूपर्टने भीतभीत घास घेतला. मग दुसरा. शेवटी पावाने ताटली पुसत तो म्हणाला, "इतकंसंच घ्यायचं असतं, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

एनिडबाईंनी त्याला आणखी एक डाव रस्सा वाढला. बर्टनमध्ये ते कधी कुणाला सांगावेच लागले नव्हते.