शत्रूला पाणी पाजणारी अनसूया

शहरात केळी उतरवून परतलेल्या गाडीवानानं अंगणातूनच सांगितलं, "बाई, तुमच्या अनसूयाबाई गेल्या… आज सकाळीच." तिनं तापानं अंथरूण धरल्याचं ठाऊक होतं, पण इतक्या लवकर… महिना उलटला, आता कुठे लिहायला बसले आहे.

बऱ्हाणपूरच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी बरोबरच लागलो. ती भूगोल शिकवायची, मी मराठी. बोलणं हळू, हसणं मात्र वर्गाबाहेर ऐकू येणारं. घरी आई आणि पाठचा भाऊ मधू. मधू इंग्रजांच्या लष्करात भरती झाला आणि आफ्रिकेत इटलीच्या फौजेशी लढताना मारला गेला. तार आल्यापासून तिच्या आई, आम्ही त्यांना माई म्हणत असू, नुसत्या भिंतीकडे बघत बसत. डोळ्यांतून टिपूस नाही. अनसूया शाळेत यायची, शिकवायची आणि मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी मुकाट बसून राहायची.

त्याच उन्हाळ्यात माझ्या भावाला खांडव्याच्या गाडीत बसवायला आम्ही गावच्या लालबाग स्टेशनावर गेलो. समोरच्या रुळावर इटालियन युद्धकैद्यांची गाडी थांबली होती. लोक जमले होते. कुणी शिव्या देत होतं, कुणी खडे मारत होतं. एका खिडकीतून कोवळ्या वयाचा कैदी पत्र्याचा रिकामा मग पुढे करत होता. अनसूया आमचा फिरकीचा तांब्या घेऊन सरळ तिकडे निघाली. पहाऱ्यावरच्या शिपायानं बंदूक आडवी धरली.

"पीछे हटो बहनजी, ये दुश्मन हैं।"

"मालूम है, भैया। मेरा भाई इन्हीं से लड़ते हुए मरा। पर प्यास तो लगी है ना इसको?"

शिपायानं बंदूक बाजूला घेतली आणि तोंड फिरवलं. तिनं त्या पोराचा मग काठोकाठ भरला.

बातमी आमच्याआधी गावात पोचली. शाळेच्या कमिटीनं तिला माफी मागायला सांगितलं. सरकारच्या शत्रूला मदत केली म्हणे! ती म्हणाली, "लढाईत उतरायचं का, हे आपल्याला कुणी विचारलं नाही. तहानलेल्याला पाणी द्यायचं का, एवढंच माझ्या हातात होतं." नोकरी गेली. त्याहून जड गेला तो माईंचा अबोला. "माझ्या मधूला मारणाऱ्यांना तू पाणी पाजलंस?" एवढं विचारून त्यांनी बोलणंच टाकलं.

मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जायची. ताटं वाढली जात, शब्द नाही. एकदा माईंचा घास हातातच थांबला.

"केवढा होता गं तो?"

"मिसरूड फुटत होतं, आई. आपल्या मधूएवढाच."

"प्याला सगळं?"

"हो. आणि हात जोडले."

माईंनी घास ताटात ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. "मधूलाही दिलं असेल गं कुणी, शेवटी…" अनसूयेनं त्यांना कुशीत घेतलं. तार आल्यापासून त्या पहिल्यांदा रडत होत्या.

पुढे ती घरीच मुलींना शिकवू लागली. मी लग्न होऊन बहादरपूरला आले, तरी बाजाराच्या दिवशी तिच्या खोलीत डोकावायची. नकाशावर नवा देश आला की राजधानीच्या आधी ती विचारायची, "तिथल्या आया मुलांना काय खाऊ घालत असतील?"

परवा माईंना भेटायला गेले. मुली अजून येतात, एकमेकींना शिकवतात. एकीनं जपानवर, आताच्या शत्रूवर, बोट ठेवलं. भिंतीला टेकलेल्या माई पुढे सरकल्या.

"यांच्या आया काय घालतात गं खायला?"

"भात, माई."

"मऊ करून देत असतील," माई म्हणाल्या.